मळी बँडचा एकमेव श्रोता

मी सध्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी विभागात आहे. मशीन शॉपमध्ये फिरायचं आणि ज्याच्या कानात बोळे नाहीत त्याला पकडून ते घालायला लावायचं, हे माझं काम. कामगार मुकाट्यानं बोळे घालतात, पण गालातल्या गालात हसतात. कारण मी एके काळी काय दिवे लावले होते, त्याचा व्हिडिओ त्यांच्यातल्या एकाला मोबाईलवर सापडला आणि त्यानं तो तिन्ही शिफ्टला दाखवला. त्या व्हिडिओत मी काळा बनियन घालून, तोंडाला काजळी फासून, गुरांचा चारा कापायच्या एका कडबाकुट्टीशेजारी उभा राहून किंचाळतोय. मागे उलट्या क्रेटवर एक म्हातारा बसलाय. त्याच्या दातांत फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे आणि डोळे मिटलेले आहेत. "साहेब, हे आजोबा कोण?" असं प्रत्येक जण विचारतो. किंचाळणाऱ्याची चौकशी अजून एकानंही केलेली नाही.

ते आजोबा म्हणजे आमचे नाना. साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते. उसाचे दांडे चिरडणारे ते अजस्र रोलर, त्यांचे गिअर, त्यांची बेरिंगं ह्यांच्या सहवासात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही खाकी शर्ट सुटला नाही आणि शर्टाच्या खिशातला तो लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हरही सुटला नाही. कुठलंही चालू यंत्र दिसलं की नाना त्याचं टोक यंत्राला टेकवायचे, मूठ दातांत धरायचे, डोळे मिटायचे आणि सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून डावा हात वर करायचे. शेजाऱ्याचा फ्रीज असो, विहिरीवरची मोटर असो नाहीतर जावयाची नवी गाडी असो. अर्ध्या मिनिटानं निकाल लागायचा. "बुश गेलाय." "नट ढिला हाय." जावयाच्या गाडीबद्दल म्हणाले होते, "विकून टाका." जावई सहा महिने घरी फिरकले नाहीत.

माणसांकडेही ते यंत्र म्हणूनच बघायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी एकच मत दिलं, "फाउंडेशन पक्कं हाय." माझ्याबद्दल पहिल्याच भेटीत म्हणाले, "ह्याचा बेल्ट घसरतोय." आणि एक वाक्य तर त्यांच्या तोंडात कायम असायचं, "मशीन खोटं बोलत न्हाई. मान्सं बोलत्यात. म्हनून मी मान्सांकडं कान देत न्हाई." आम्हाला ते फार मोठं तत्त्वज्ञान वाटायचं. आम्ही ते भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलंही होतं.

आम्ही म्हणजे तिघं. मी, गण्या आणि सलीम. तिघंही पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला. गण्या घरच्या परंपरेनं लग्नात संबळ वाजवायचा, सलीम सोनईला चुलत्याच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करायचा आणि मला काहीच येत नव्हतं, म्हणून मी गायक झालो. एकदा यूट्यूबवर आम्हाला एक परदेशी बँड सापडला. बंद पडलेल्या फॅक्टरीत चार माणसं पत्र्यांवर घण घालत होती आणि समोर हजारो लोक डोळे पुसत होते. ह्याला इंडस्ट्रियल म्युझिक म्हणतात, हे सलीमनं वाचून काढलं. मग मी भाषण ठोकलं. म्हटलं, ह्यांच्या फॅक्टऱ्या बंद, आपल्या चालू. ह्यांना इंडस्ट्री आठवावी लागते, आपण तिच्या वासात वाढलो. आपल्याला कोण रोखणार? कुणीही रोखू शकलं असतं, पण त्या क्षणी तिथं शहाणं माणूस नव्हतं.

बँडचं नाव ठेवलं 'मळी'. कारखान्यातून निघणाऱ्या मळीचा वास ज्यानं घेतलाय त्याला ह्या नावाचं वेगळं वर्णन करून सांगायला नको. नाव ऐकूनच लोक दोन पावलं मागं सरायचे, त्यामुळे पुढं वाजवल्यावर सरायचं काम निम्मं झालेलं असायचं. गण्यानं चार रिकामी बॅरलं आणली. सलीमनं जुन्या मोबाईलचे स्पीकर उलटे जोडून त्यांचे माईक बनवले, ते बॅरलांना चिकटवले आणि तो आवाज लॅपटॉपमधून फिरवून डीजेवाल्याच्या एका टाकाऊ अँप्लिफायरमधून बाहेर काढला. एक ग्राइंडर होता. वजनकाट्यावरची एक घंटा होती. पण आमची खरी गायिका म्हणजे गण्याच्या गोठ्यातली जुनी कडबाकुट्टी. बेरिंग पार गेलेलं. चालू केली की आधी कण्हायची, वेग घेतला की किंचाळायची आणि बंद करताना एक लांब उसासा टाकायची. मी फक्त तिला साथ करायचो. 'बॉयलर नंबर दोन' आणि 'गंज चढू दे' ही आमची गाजलेली गाणी. गाजलेली म्हणजे त्यांच्याबद्दल तक्रारी आल्या होत्या.

तालमीला जागा मिळेना. वडील म्हणाले, "ह्या घरात एक तर ते मशीन राहील न्हाईतर मी." आईनं बराच वेळ विचार केला आणि वडिलांच्या बाजूनं मत दिलं. शेवटी शनिशिंगणापूरच्या एका वस्तीवर नानांच्या घराशेजारची पत्र्याची शेड मिळाली. नाना म्हणाले, "भाडं नको. पन दर रविवारी दुपारी मी बसनार. आन मी हात वर केला की थांबायचं."

अडचण एकच होती. त्या गावात घरांना दारं नाहीत, हे जगाला ठाऊक आहे. शेडलाही नव्हतं. आम्ही पहिल्यांदा कडबाकुट्टी चालू केली तेव्हा पाचव्या मिनिटाला शेजारच्या भागाबाई आजी कमरेवर हात ठेवून हजर झाल्या.

"बाबांनो, दुसऱ्या गावात लोकं दार लावून घेत्यात. आमी काय लावावं?"

गण्या म्हणाला, "आजी, उलट बरं हाय की. ह्या आवाजानं चोर येनार न्हाईत."

"चोर परवडला," आजी म्हणाल्या. "चोर गुपचूप येतो."

तरीही तीन वर्षं आम्ही तिथं वाजवलं, ते नानांच्या जिवावर. प्रत्येक रविवारी ते क्रेट उलटा करून बसायचे, स्क्रू ड्रायव्हर कधी बॅरलला, कधी कडबाकुट्टीला, कधी अँप्लिफायरच्या खोक्याला टेकवायचे आणि मूठ दातांत धरून डोळे मिटायचे. दोन-दोन तास. एकदा बॅरलांची उतरंड त्यांच्या मागं कोसळली. आमची बोबडी वळली, पण नानांची पापणी हलली नाही. ह्याला म्हणतात एकाग्रता, असं मी त्या दोघांना सांगितलं. मधेच त्यांचा हात वर जायचा. आम्ही थांबायचो. "डाव्या हाताच्या बॅरलाखालचा दगूड सरकलाय." बघावं तर खरंच सरकलेला. असा कान आम्ही जन्मात पाहिला नव्हता.

तालीम संपली की मी धीर करून विचारायचो, "नाना, एकंदरीत कसं वाटलं?"

नाना स्क्रू ड्रायव्हर पुसून खिशात ठेवायचे आणि दर वेळी एकच सांगायचे. "लोड न्हाई. मोकळंच फिरतंय."

मिलची चाचणी आधी ऊस न घालता होते, तिला नो लोड म्हणतात. सगळं गरगर फिरतं, पण रस निघत नाही. ह्या एका वाक्यावर आम्ही तिघांनी कितीतरी रविवार वाद घातला. गण्या म्हणायचा, ताल कमी पडतोय. सलीम म्हणायचा, बेस कमी पडतोय. माझे शब्द पोकळ आहेत अशी शंका त्या दोघांना आली असणार, पण मैत्री टिकावी म्हणून ते बोलले नाहीत. आमच्या पानावर मात्र सलीमनं टाकलं होतं, 'एका जाणत्या समीक्षकानं आम्हाला तीन वर्षं सलग ऐकलं आहे.' ते खोटं नव्हतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आमची एकूण कारकीर्द तीन कार्यक्रमांची. पहिला गणपतीत झाला आणि चौथ्या मिनिटाला आरती लवकर घ्यायचं ठरलं. दुसरा सलीमच्या आतेभावाच्या दुकानाच्या उद्घाटनाला. तो आतेभाऊ अजून आमच्याशी बोलत नाही. तिसरा नगरच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. हॉल, पडदा, लाईट, सातशे पोरं. ह्या एका कार्यक्रमानंतर पुण्याहून बोलावणं येणार, तिथून मुंबई, असं मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. सकाळी शेडमधून सामान टेम्पोत चढवलं. नाना दारात, म्हणजे दार असतं त्या जागेत, उभे होते. त्यांच्या हाताला ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांची भाषणं लांबली, म्हणून सामान तपासायला वेळ मिळाला नाही. पडदा उघडला. मी काजळी फासलेलं तोंड वर करून दोन्ही हात पसरले. गण्यानं कडबाकुट्टीचं बटण दाबलं.

काही नाही. कडबाकुट्टी चालू होती, पातं फिरताना दिसत होतं, पण आवाज नाही. अगदी बारीक, झोपलेल्या मांजरासारखी गुरगुर. गण्यानं बंद करून पुन्हा चालू केली. तेच. तोवर माझी पहिली ओळ यायची वेळ झाली होती आणि सवयीनं मी ती सोडली. "गंज चढू दे! गंज चढू दे! गंज चढू दे!" इतकी वर्षं त्या किंकाळीच्या आड लपलेला माझा आवाज सातशे जणांनी पहिल्यांदा उघडानागडा ऐकला. मीही पहिल्यांदाच ऐकला. पोरं हसायला लागली आणि ती पडदा पडेपर्यंत हसत होती. नंतर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मुद्दाम आत येऊन भेटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गण्याला म्हणाले, "कडबाकुट्टी कुठून घेतली हो? अजिबात आवाज नाही." आमच्या सगळ्या कारकिर्दीत आम्हाला मिळालेली ती एवढी एकच दाद.

नानांनी काय केलं होतं ते उघडच होतं. आम्ही लोकांपुढं चाललो, तर असं आजारी यंत्र कसं न्यायचं, म्हणून त्यांनी आदल्या रात्री जागून बेरिंग बदललं, बुश घातला, ग्रीस भरलं, फाउंडेशनचे बोल्ट आवळले. लेक सासरी पाठवावी तशी त्यांनी ती नटवून पाठवली होती.

पण तेव्हा मला हे काही दिसत नव्हतं. मी तसाच काळ्या तोंडानं वस्तीवर आलो. नाना अंगणात पाठमोरे बसून पाना घासत होते. मी मागून ओरडायला सुरुवात केली. तुम्ही आमचा बँड मारलात, तुम्हाला संगीतातलं काय कळतं, तुम्ही आयुष्यभर नट आवळलेत तेच आवळा. आणखीही बरंच बोललो, ते इथं लिहायला लाज वाटते. नाना पाना घासत राहिले. एकदाही वळले नाहीत. तो अपमान वाटून मी आणखी चढ्या आवाजात बोललो.

घरातून नानी बाहेर आल्या. म्हणाल्या, "किती वरडशील? त्यांना ऐकू येतंय व्हय?"

मला वाटलं, त्या मला टोमणा मारताहेत. त्यांनी मला चुलीपाशी नेऊन बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. हळू बोलायची काही गरज नव्हती, पण बोलल्या. "पाच वर्सं झाली. पार गेलेत कान. मिलमधी सगळी व्हट बघूनच बोलत्यात, म्हनून कुनाला समजत न्हाई. आधी ते स्क्रू ड्रायव्हर कानामागं लावायचे. आता दातात धरत्यात. दातानं, हातानं वळखत्यात."

म्हणजे तीन वर्षं ज्या एकमेव श्रोत्याच्या भरवशावर आम्ही जगाला तुच्छ लेखत होतो, तो ठार बहिरा होता. बरोबरच आहे. ज्याला ऐकू येत होतं असा माणूस आमच्यासमोर तीन वर्षं बसला असता का?

"मग नाना आमच्यात का बसायचे?" मी विचारलं.

"सराव," नानी म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. दर वर्षी कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या दिवशी नानांना आणायला जीप येते. चेअरमनसाहेब उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतात, पण त्याआधी नाना मिलच्या एकेका बेरिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवून ऐकतात आणि 'चालू करा' म्हणतात. नानांनी म्हटल्याशिवाय मोळी पडत नाही. निवृत्तीनंतरही ही रीत मोडली नव्हती. "त्या एका दिवसावर बाकीचं वरीस काढत्यात ते. तुमच्या त्या खटाऱ्यात मिलचे सगळे आजार एका जागी हुते बघ. त्याच्यावर दात पक्के करीत हुते. कुनाला सांगू नको बाबा. समजलं तर जीप यायची न्हाई."

मी सांगितलं नाही. उलट त्या वर्षी नानांबरोबर जीपमधून मीही गेलो. नवा इंजिनिअर आला होता, त्याच्याकडे कंप मोजायचं मीटर होतं, त्यामुळे नानी घाबरल्या होत्या. आमचं असं ठरलं की नानांच्या दातांना जे कळणार नाही ते मी कानानं टिपायचं. काही वावगं ऐकू आलं तर मी डोक्यावरची टोपी काढायची. एवढं सोपं काम होतं.

मिल सुरू झाली. नो लोड. चेअरमनसाहेब, त्यांच्यामागं संचालक, पुढं नारळ, हार, उसाची मोळी. नाना एकेका बेरिंगपाशी वाकत गेले. इंजिनिअरनं आपलं मीटर सगळ्यांना दाखवलं, सगळं ठीक होतं. आणि मला शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसारखी, सुईसारखी. मी टोपी काढली.

नानांनी पाहिलं. ते परत पहिल्या बेरिंगपासून सुरू झाले. त्यांना काही सापडेना. ते माझ्यापाशी आले. "आजून येतीय?" मी मान हलवली. संचालक घड्याळं बघायला लागले. नानांनी डावा हात वर केला. "बंद करा मिल."

मिल थांबली. एवढ्या मोठ्या शेडमध्ये वर पत्र्याखालच्या चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. "आन आता?"

शिट्टी चालूच होती.

ती मिलमध्ये नव्हती. ती माझ्या कानात होती. अँप्लिफायरशेजारी तीन वर्षं उभा राहून मी ती कमावली होती. नानांना माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. इंजिनिअर पुढं आला. "काय झालं नाना? कशासाठी थांबवली?"

मी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. तीन वर्षं माईकवर किंचाळण्याखेरीज मी दुसरं काही केलं नव्हतं आणि त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

नाना म्हणाले, "मिलला काय झालेलं न्हाई. मलाच ऐकू येत न्हाई आता, साहेब. लई दिवस झाले. पुढच्या सालापास्नं दुसरं कोनतरी बघा." आणि मग, सगळे एकमेकांकडे बघत असताना, शेवटचं म्हणाले, "चालू करा."

परतताना जीपमध्ये त्यांनी माझा कान धरला. रागानं नव्हे, बेरिंग तपासावं तसा. "पैल्यांदा शिट्टीच येती. मला वाटायचं टर्बाईन वाजतंय. दोन हंगाम त्याला शिव्या दिल्या म्या. मंग चिमन्या गेल्या. मंग भजनातले टाळ. मंग हिचा आवाज, त्याचं यवढं काय न्हाई," आणि हसले. मग हसू गेलं. "पन नातीचा आवाज म्या ऐकलाच न्हाई. मला माझा सराव पायजे हुता, म्हनून तुमाला वाजवू दिलं. चुकलंच माझं. बंद करा आता ते." मी रडलो. मला वाटतं, मळी बँडच्या इतिहासात कुणी रडलं ते तेवढंच.

बँड बंद झाला. गावात कुणी हळहळलं नाही.

पुढच्या वर्षी हंगामाच्या दिवशी सकाळीच नानींचा फोन आला. "खाकी घालून बसलेत. जीप येनार न्हाई म्हाईत हाय, तरी बसलेत." मी गण्याला आणि सलीमला घेऊन गेलो. जाताना रस्त्यात गण्यानं उसाच्या शेंड्यांची, म्हणजे हिरव्या वाढ्याची एक मोळी बांधून घेतली. शेडमध्ये कडबाकुट्टी तशीच होती. आम्ही ती पुसली, नानींनी हळदीकुंकू वाहिलं. चेअरमन कुणाला करायचं हा प्रश्न होता, तो भागाबाई आजींनी सोडवला. त्या नारळ हातात घेऊन पुढंच उभ्या राहिल्या. "तीन वर्सं ह्या मशीननं माझा जीव खाल्लाय. माझाच मान हाय."

मी नानांच्या समोर जाऊन उभा राहिलो, ओठ दिसतील असा. म्हटलं, "नाना, तपासा. तुम्ही म्हटल्याशिवाय मोळी पडणार नाही."

नाना आमच्याकडे बघत राहिले. वेडी आहेत पोरं, असं त्यांच्या मनात आलं असावं आणि ते खरंच होतं. मग ते उठले. शर्ट खाली ओढला. स्क्रू ड्रायव्हर कडबाकुट्टीला टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले, डावा हात वर केला. आजीसुद्धा गप्प झाल्या. बराच वेळ गेला. खऱ्या मिललाही त्यांनी एवढा वेळ लावला नसेल.

"चालू करा," नाना म्हणाले.

आजींनी नारळ फोडला. आम्ही तिघांनी मिळून मोळी आत सारली. हिरवं वाढं कापून समोर पडायला लागलं आणि आजींच्या म्हशीनं दावणीवरून मान वळवली. माझ्या कानांत सलीमनं दिलेले बोळे होते, त्यामुळे कडबाकुट्टी कशी वाजत होती ते मला सांगता येणार नाही. नानांनी पुन्हा एकदा दात टेकवले. डोळे उघडले. माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले.

"लोड हाय."